एसी प्रेशर सेन्सरचं सर्किट: 'डायरेक्ट' करण्याआधी तीन वायरी कशा तपासायच्या

एसी थंड करत नाही, कॉम्प्रेसर लागत नाही आणि स्कॅनरवर पी०५३२ किंवा पी०५३३ हा प्रेशर सेन्सरच्या सर्किटचा फॉल्ट कोड दिसतो. पुढे बहुतेक ठिकाणी तीनपैकी एक गोष्ट होते. कोणी गॅस भरतं, कोणी नवा सेन्सर लावतं, तर कोणी जुन्या प्रेशर स्विचच्या सवयीनं कपलरच्या दोन पिना वायरच्या तुकड्यानं जोडून 'डायरेक्ट' करतं. तिन्ही प्रकारांत फॉल्ट शोधलेला नसतो. तिसरा प्रकार तर गाडीला महागात पडतो. तीन वायरींच्या सेन्सरवर चुकून ५ व्होल्ट आणि अर्थ (निगेटिव्ह बाजूची वायर) एकमेकांना जोडले गेले, तर त्याच ५ व्होल्टच्या लाइनवरचे मॅप सेन्सर (इंजिनच्या इनटेकमधला दाब मोजणारा) किंवा अॅक्सिलरेटर पेडल सेन्सरही आडवे होतात. तक्रार एसीची असते आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे इंजिन कमी ताकदीवर कसंबसं चालतं.

या सर्किटमध्ये क्रमाला फार महत्त्व आहे: आधी खरा दाब, मग अर्थ, मग ५ व्होल्ट, मग सिग्नल, आणि सगळ्यात शेवटी सेन्सर. प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याची खात्री करून देतो. म्हणून मधला टप्पा गाळू नका.

आधी ओळखा: हा सेन्सर आहे की स्विच

कपलरमध्ये दोन किंवा चार पिना असतील तर तो बहुधा प्रेशर स्विच आहे. ठरावीक दाबाला त्याचे पॉइंट जुळतात किंवा सुटतात, तेवढंच त्याचं काम. पुढची पद्धत त्याला लागू नाही.

तीन पिना असतील तर वायरिंग डायग्राम उघडा. बहुतेक गाड्यांत त्या तीन वायरी अशा असतात: ईसीएमकडून (इंजिनच्या कंट्रोल कॉम्प्युटरकडून) येणारा ५ व्होल्टचा सप्लाय, ईसीएमकडूनच येणारा सेन्सरचा अर्थ, आणि दाबाप्रमाणे बदलणारा सिग्नल. दाब वाढला की सिग्नलचे व्होल्ट वाढतात. साधारण ०.५ ते ४.५ व्होल्ट ही कामाची पट्टी. ०.१ च्या आसपास किंवा ४.९ च्या वर रीडिंग अडकून बसलं असेल तर तो दाब नव्हे, सर्किटचा फॉल्ट समजा.

⚠ तीन पिना आहेत म्हणून तो ५ व्होल्टचाच सेन्सर असेल असं गृहीत धरू नका. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या अनेक गाड्यांत जी६५ नावाचा सेन्सर चौकोनी लहरीचा सिग्नल देतो. त्याची एक लहर २० मिलिसेकंदांची असते आणि दाब वाढेल तसा त्यातला 'ऑन' भाग रुंद होत जातो. काही नव्या गाड्यांत हा सेन्सर लिन बसवर, म्हणजे एकाच वायरीवरच्या डिजिटल संदेशांनी, बोलतो. अशा वायरीवर साधा मीटर लावला तर तो सरासरी व्होल्ट दाखवतो आणि त्यावरून काढलेला दाब खोटा निघतो. तिथे ऑसिलोस्कोप किंवा ड्यूटी सायकल (लहरीतला 'ऑन' भागाचा वाटा) मोजणारा मीटर लागतो.

तयारी

गाडीला हात लावण्याआधी हे जवळ ठेवा:

- त्याच मॉडेलचा, त्याच वर्षाचा वायरिंग डायग्राम. वायरीच्या रंगावर विसंबून काम करू नका. मॉडेल तेच राहतं आणि रंग बदलतात.
- लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर. फक्त कोड वाचणारा पुरत नाही.
- १० मेगाओहम इनपुटचा डिजिटल मीटर.
- एसीचे मॅनिफोल्ड गेज आणि एक थर्मामीटर.
- बॅक प्रोब पिना (जोडलेल्या कपलरमध्ये मागून घालून मोजायच्या बारीक पिना) आणि कपलरच्या टर्मिनलच्या मापाच्या टेस्ट लीड.
- ३ अँपिअरचा फ्यूज बसवलेली जंपर वायर.
- १ किलोओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर. याचं काम चौथ्या टप्प्यात आहे. दोन-चार रुपयांची ही वस्तू दोन तासांची शोधाशोध वाचवते.
- गॉगल आणि हातमोजे.

बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्ज करा. उतरलेल्या बॅटरीवर घेतलेल्या रीडिंगवर भरवसा ठेवता येत नाही.

⚠ बल्बवाला टेस्ट लॅम्प या सर्किटला लावू नका. सेन्सर फक्त काही मिलिअँपिअर खातो, तर बल्ब त्याच्या कितीतरी पट करंट ओढतो आणि ईसीएमचा ५ व्होल्टचा सप्लाय त्या कामासाठी बनवलेला नसतो.

⚠ हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल आणि कॉम्प्रेसरला नारिंगी केबल असेल, तर हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय त्या भागात हात घालू नका.

टप्पा १: कोड वाचा, लिहून घ्या, पुसू नका

कोड पुसला की फ्रीज फ्रेमही जाते. फॉल्ट लागला तेव्हा इंजिन किती गरम होतं, गाडी किती वेगात होती, एसी चालू होता का, ही माहिती त्यातच असते. म्हणून आधी फोटो काढा किंवा वहीत उतरवून घ्या.

- पी०५३०: सर्किटमध्ये बिघाड आहे, दिशा सांगितलेली नाही.
- पी०५३१: सिग्नल पट्टीत आहे पण पटणारा नाही. दाब बदलतो, सिग्नल बदलत नाही.
- पी०५३२: सिग्नल फार कमी.
- पी०५३३: सिग्नल फार जास्त.
- पी०५३४: गॅस कमी झाल्याची शंका. हा मुळात सर्किटचा कोड नाही.

यांच्या सोबतीला पी०६४१, पी०६४२, पी०६४३ किंवा पी०६५१ यांपैकी काही असेल तर एसी बाजूला ठेवा. हे कोड ५ व्होल्टच्या सप्लायचे आहेत. सप्लाय नीट झाल्यावर एसीचा कोड बरेचदा आपोआप जातो.

टप्पा २: खरा दाब किती आहे?

सगळ्यात जास्त गाळला जाणारा टप्पा हाच. सिग्नल कमी दिसतो कारण वायर तुटली आहे, की सिस्टिम खरंच रिकामी आहे? हे गेज लावल्याशिवाय कळत नाही.

गाडी किमान तीन-चार तास बंद आणि सावलीत असावी. इंजिन गार असावं. नुकती चालवलेली गाडी असेल तर रेडिएटरला चिकटलेला कंडेन्सर गरम राहतो आणि दाब फुगलेला दिसतो. हाय साइडला (कॉम्प्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या बाजूला) गेज लावा आणि कंडेन्सरजवळच्या हवेचं तापमान मोजा. आर-१३४ए गॅस असेल आणि सिस्टिममध्ये थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असेल, तर बंद गाडीतला दाब साधारण असा असतो:

२० अंश सेल्सिअस: ६८ पीएसआय
२५ अंश: ८२ पीएसआय
३० अंश: ९७ पीएसआय
३५ अंश: ११४ पीएसआय
४० अंश: १३३ पीएसआय

हाय आणि लो दोन्ही गेज सारखेच दाखवत असले पाहिजेत. आता स्कॅनरवरचा दाब बघा. तीन शक्यता निघतात.

गेज आणि स्कॅनर दोन्ही कमी दाखवत असतील, समजा २० पीएसआय, तर सेन्सर खरं बोलतोय. गॅस गळाला आहे. इथे वायरिंग तपासण्यात वेळ घालवू नका, गळती शोधा.

गेज योग्य आणि स्कॅनर भलतंच दाखवत असेल, तर फॉल्ट सर्किटमध्ये किंवा सेन्सरमध्ये आहे. तिसऱ्या टप्प्याकडे चला.

दोन्ही जुळत असतील आणि दाबही तक्त्याप्रमाणे असेल, तर फॉल्ट आत्ता हजर नाही. तो येतो-जातो. वायरी हलवून बघण्याची पद्धत सहाव्या टप्प्यात दिली आहे.

✔ तपासा: स्कॅनरचं एकक कोणतं आहे? १ बार म्हणजे १०० किलोपास्कल, म्हणजे १४.५ पीएसआय. काही गाड्यांचा डेटा निरपेक्ष दाब दाखवतो. तो गेजपेक्षा साधारण १४ ते १५ पीएसआयनं जास्त असतो. असा ठरावीक फरक दिसला तर त्याला फॉल्ट समजू नका.

✔ हेही लक्षात ठेवा: बंद गाडीतला दाब 'गॅस आहे' एवढंच सांगतो, 'किती आहे' ते सांगत नाही. अर्धा गॅस गळाला तरी आत द्रव शिल्लक असेपर्यंत ३० अंशाला दाब ९७ पीएसआयच राहतो. म्हणून स्टॅटिक प्रेशर बघून 'गॅस फुल आहे' असं सांगता येत नाही, आणि अंदाजानं 'थोडा टॉप-अप' करणं तर त्याहून वाईट. जास्त भरलेला गॅस हाय साइडचा दाब इतका चढवतो की ईसीएम कॉम्प्रेसर बंद करतो, आणि मग दोष पुन्हा सेन्सरवर येतो.

टप्पा ३: सेन्सरचा अर्थ

इग्निशन बंद करा. सेन्सर साधारणपणे कंडेन्सर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह यांच्यामधल्या बारीक पाइपवर, म्हणजे हाय साइडवर असतो. कपलर काढा आणि आत उजेड टाकून बघा. हिरवा गंज, पाणी, मागे सरकलेलं टर्मिनल, फाकलेली पिन, सील नसणं हे सगळं डोळ्यांनी दिसतं. कोकणातल्या आणि समुद्रकाठच्या गाड्यांत हिरवा गंज नेहमीचा. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेलं हार्नेस (वायरींचा जुडगा) तितकंच नेहमीचं. बॅटरी ट्रेच्या खाली आणि कंडेन्सरच्या कडेनं जाणारी वायर हातानं चाचपत जा.

आता दार बंद करा, चावी काढून घ्या आणि गाडीचे कंट्रोलर झोपेपर्यंत दोन-तीन मिनिटं थांबा. मग कपलरच्या अर्थ टर्मिनलपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ओहम मोजा. ५ ओहमच्या आत हवं.

⚠ इग्निशन चालू ठेवून ओहम मोजू नका. मीटर काहीतरी आकडा दाखवेल, पण त्याला अर्थ नसतो.

अर्थ तुटलेला असेल तर सिग्नल वर चढतो आणि पी०५३३ येतो. हा कोड पाहून लोक 'दाब जास्त आहे' म्हणून गॅस काढतात आणि चांगली भरलेली सिस्टिम बिघडवतात.

⚠ अर्थ खराब निघाला म्हणून सेन्सरच्या वायरला बॉडीवर जवळचा अर्थ देऊ नका. हा सेन्सर ईसीएमच्या अर्थाशी तुलना करून बोलतो. बॉडी आणि ईसीएम यांच्या अर्थांत फॅन चालू होताच फरक पडतो आणि तो फरक थेट दाबाच्या रीडिंगमध्ये मिसळतो. मूळ वायरच दुरुस्त करा.

टप्पा ४: ५ व्होल्टचा सप्लाय, लोड टाकून

कपलर काढलेलाच ठेवा. इग्निशन ऑन करा, इंजिन बंद. ५ व्होल्टच्या टर्मिनलपासून सेन्सरच्या अर्थ टर्मिनलपर्यंत मोजा. ४.८ ते ५.२ व्होल्ट हवेत.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि फसतात. १० मेगाओहमचा मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही. गंजलेल्या टर्मिनलमुळे वायरमध्ये काही हजार ओहमचा रोध असला तरी मीटर ५ व्होल्ट पूर्ण दाखवतो. सेन्सर जोडला की मात्र व्होल्ट बसतात. म्हणून तो १ किलोओहमचा रेझिस्टर ५ व्होल्ट आणि अर्थ या दोन टर्मिनलांमध्ये लावा आणि पुन्हा मोजा. यातून ५ मिलिअँपिअर वाहतात, ईसीएमला त्याचा काही त्रास नाही. रीडिंग ०.१ व्होल्टपेक्षा जास्त पडलं तर दोनपैकी एका वायरमध्ये रोध आहे. कोणत्या? मीटरची काळी लीड बॅटरीच्या निगेटिव्हला लावून, रेझिस्टर तसाच ठेवून, दोन्ही टर्मिनल वेगवेगळी मोजा. ५ व्होल्टचं टर्मिनल खाली आलं असेल तर दोष सप्लायमध्ये. अर्थाचं टर्मिनल शून्यावरून वर चढलं असेल तर दोष अर्थात.

रीडिंग चुकलं तर:

४.८ च्या खाली, किंवा शून्य: सप्लाय तुटलाय किंवा कुठेतरी अर्थाला लागलाय. ही लाइन कोणकोणत्या सेन्सरांना जाते ते डायग्राममध्ये बघा आणि मीटर लावून ठेवून एकेकाचा कपलर काढत जा. एखादा काढताच ५ व्होल्ट परत आले तर गुन्हेगार तोच. बिचाऱ्या एसी सेन्सरचा काही दोष नसतो.

५.२ च्या वर: ही वायर दुसऱ्या कुठल्या तरी सप्लायला, बहुधा १२ व्होल्टच्या वायरीला, लागली आहे. इथेच थांबा. हे दुरुस्त झाल्याशिवाय पाचव्या टप्प्यातलं जंपर लावू नका. नाहीतर तेच १२ व्होल्ट तुम्ही हातानं ईसीएमच्या सिग्नल पिनवर टाकाल. सप्लाय आधी आणि सिग्नल नंतर, हा क्रम यासाठीच.

टप्पा ५: सिग्नल वायर आणि ईसीएम

कपलर काढलेला, इग्निशन ऑन. स्कॅनरवर प्रेशर सेन्सरचे व्होल्ट उघडा. आता गाडी दोनपैकी एका घरातली निघते.

पहिल्या घरात कपलर काढल्यावर सिग्नल शून्याजवळ जातो, कारण ईसीएम ती वायर आतून खाली ओढून धरतो. दुसऱ्या घरात तो ५ व्होल्टजवळ जातो, कारण ईसीएम तिला वर ओढून धरतो. तुमची गाडी कोणत्या घरातली हे डायग्राम किंवा सर्व्हिस मॅन्युअल सांगतं. ते माहीत नसेल तर या टप्प्यावरून निष्कर्ष काढू नका. एका गाडीत बरोबर असलेलं रीडिंग दुसऱ्या गाडीत शॉर्ट असतं.

पहिल्या घरासाठी:
- कपलर काढूनही स्कॅनर ०.२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दाखवतो: सिग्नल वायर कुठल्या तरी सप्लायला लागली आहे.
- शून्याजवळ आहे: फ्यूज असलेली जंपर वायर ५ व्होल्ट आणि सिग्नल या दोन टर्मिनलांमध्ये लावा. स्कॅनर ४.८ च्या वर गेला पाहिजे. गेला तर वायर आणि ईसीएम दोन्ही ठीक, आता संशय सेन्सरवर. गेला नाही तर सिग्नल वायर तुटली आहे, अर्थाला लागली आहे, किंवा ईसीएम वाचत नाही.

दुसऱ्या घरासाठी उलट:
- कपलर काढूनही रीडिंग वर जात नाही: सिग्नल अर्थाला लागलाय किंवा तुटलाय.
- वर जातं: जंपर सिग्नल आणि सेन्सरचा अर्थ यांच्यात लावा. रीडिंग शून्याजवळ आलं पाहिजे.

⚠ जंपर लावताना ५ व्होल्ट आणि अर्थ ही जोडी कधीही जोडू नका. टर्मिनल दोनदा मोजून खात्री करा. काही कपलरांवर पिनचे आकडे सेन्सरच्या बाजूनं छापलेले असतात आणि हार्नेसच्या बाजूनं बघताना डावं-उजवं उलटं होतं.

⚠ मीटरची जाड प्रोब टर्मिनलमध्ये खुपसू नका. टर्मिनल फाकतं आणि काम संपल्यावर तुम्हीच तयार केलेला नवा, येणारा-जाणारा फॉल्ट घेऊन गाडी घरी जाते.

टप्पा ६: वायर तुटली की ईसीएम गेला?

पाचवा टप्पा फसला तरच इकडे या. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, ईसीएमचा कपलर काढा. त्या एका वायरची तीन मापं घ्या. टोकापासून टोकापर्यंत २ ओहमच्या आत. वायरपासून बॉडीपर्यंत मीटरवर ओएल, म्हणजे कुठेही जोड नाही. वायरपासून शेजारच्या दोन वायरींपर्यंतही ओएल. मापं घेताना दुसऱ्या माणसाला हार्नेस हलवायला सांगा, विशेषतः जिथे ते बॉडीच्या कडेवरून वळतं, ब्रॅकेटच्या खाली दबतं किंवा फॅनच्या जवळून जातं.

तिन्ही मापं बरोबर असतील तेव्हाच ईसीएमवर बोट ठेवा. त्याआधी ईसीएमचा सप्लाय आणि अर्थ तपासून झालेला असावा. 'ईसीएम गेला' हा निष्कर्ष बहुतेक वेळा घाईचा असतो.

येणाऱ्या-जाणाऱ्या फॉल्टसाठी सगळे कपलर जोडा, गाडी चालू ठेवा, स्कॅनरवर सेन्सरच्या व्होल्टचा ग्राफ लावा आणि हार्नेस वीत-वीत हलवत पुढे सरका. ग्राफमध्ये उभी रेघ उमटली की जागा सापडली. गाडी गरम झाल्यावरच फॉल्ट येत असेल तर ही चाचणी गरम गाडीवर करा. पावसात येत असेल तर हार्नेसवर पाण्याचा हलका फवारा मारून करा, पण इंजिनच्या इतर कपलरांवर पाणी जाऊ देऊ नका. आणि फिरत्या पट्ट्यांपासून, आपोआप चालू होणाऱ्या फॅनपासून हात व बाह्या लांब ठेवा.

टप्पा ७: सेन्सर खोटं बोलतोय का?

पी०५३१ असेल किंवा गेज व स्कॅनरमध्ये फरक असेल, पण सिग्नल पट्टीतच असेल, तेव्हा हा टप्पा खरा कामाचा.

कपलर जोडा. सिग्नल वायरला मागून बॅक प्रोब लावा, मीटरची दुसरी लीड सेन्सरच्या अर्थाला. सेन्सरची पट्टी मॅन्युअलमधून घ्या. हिशोब समजावा म्हणून असा सेन्सर धरू: ० पीएसआयला ०.५ व्होल्ट, ५०० पीएसआयला ४.५ व्होल्ट. म्हणजे ४ व्होल्टमध्ये ५०० पीएसआय, दर ०.१ व्होल्टला १२.५ पीएसआय.

दाब = (सिग्नल − ०.५) × १२५

३५ अंशाला बंद गाडीत ११४ पीएसआय आहेत, तर सिग्नल १.४१ व्होल्ट यायला हवा. एसी चालू केल्यावर हाय साइड २२५ पीएसआयला गेली, तर २.३ व्होल्ट. तुमच्या सेन्सरचे आकडे वेगळे असतील, हिशोबाची रीत हीच.

एकाच दाबावर बघून निकाल देऊ नका. किमान तीन रीडिंग घ्या: बंद गाडी, एसी चालू करून आयडलवर पाच मिनिटं, आणि १५०० आरपीएमवर. गेज आणि स्कॅनर यांत १५ पीएसआयपर्यंत फरक असेल तर तो गेजचाही असू शकतो. त्याहून जास्त असेल तर फरकाचा नमुना बघा, कारण नमुना बरंच काही सांगतो.

वरच्याच सेन्सरच्या अर्थात गंज बसून ०.२ व्होल्ट अडकले असं धरा. खरा दाब ११४ असताना स्कॅनर सुमारे १३२ दाखवेल, १८ नं जास्त. खरा दाब २२५ असताना तो साधारण २३८ दाखवेल, १३-१४ नं जास्त. म्हणजे रीडिंग नेहमी जास्त, आणि दाब वाढेल तशी चूक कमी.

आता उलट, अर्थ ठीक आहे पण ५ व्होल्टच्या वायरमध्ये रोध असल्यानं सेन्सरला ४.६ व्होल्टच मिळतात. खरा दाब ११४ असताना स्कॅनर सुमारे १०० दाखवेल, १४ नं कमी. २२५ ला तो २०२ दाखवेल, २३ नं कमी. रीडिंग नेहमी कमी, आणि दाब वाढेल तशी चूक मोठी. हा प्रकार जास्त वाईट, कारण कंडेन्सरचा फॅन उशिरा वेग घेतो आणि दाब धोक्याच्या पातळीला पोचला तरी कॉम्प्रेसर वेळेवर सुटत नाही.

दोन्हींपैकी एकही नमुना बसत नसेल तेव्हा सेन्सरवर या. रीडिंग एका जागी गोठलेलं, किंवा गेजचा काटा चढल्यावर बऱ्याच वेळानं चढणारं, किंवा सेन्सर तापल्यावरच भरकटणारं असेल, आणि सेन्सर जोडलेला असताना त्याच्या दोन टर्मिनलांमध्ये पूर्ण ५ व्होल्ट मिळत असतील, तर सेन्सर बदला.

✔ थांबून एकदा बघा: गेज आणि स्कॅनर दोन्ही मिळून दाब फार जास्त दाखवत असतील तर सेन्सर निर्दोष आहे. फॅन फिरतो का, कंडेन्सरच्या जाळीत माती बसली आहे का, गॅस जास्त भरला आहे का, हे बघा.

टप्पा ८: सेन्सर बदलणं

पाना लावण्याआधी एक प्रश्न: सेन्सरच्या खाली श्रेडर व्हॉल्व्ह आहे का? असेल तर सेन्सर काढताच तो पिन व्हॉल्व्ह बंद होतो आणि गॅस न काढता काम होतं. नसेल तर आधी रिकव्हरी मशीननं गॅस काढावाच लागतो. याचं उत्तर मॅन्युअलमध्ये शोधा, सेन्सर सैल करून नव्हे.

व्हॉल्व्ह असला तरी गॉगल आणि हातमोजे घाला. सेन्सर सैल करताना क्षणभर फुस्स आवाज येतो. आवाज थांबलाच नाही तर व्हॉल्व्ह अडकला आहे. सेन्सर लगेच परत घट्ट करा आणि गॅस रिकव्हर करा. उडणारा गॅस त्वचा आणि डोळे गोठवतो. तो हवेत सोडूनही देऊ नका. आर-१३४ए हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून जास्त उष्णता अडवणारा वायू आहे.

अॅल्युमिनियमच्या पाइपवरचा जोड दुसऱ्या पान्यानं धरा, नाहीतर पाइपच पिळवटतो. ओ-रिंग नवी, एसीच्या रबराची, आणि सिस्टिममध्ये जे ऑइल आहे त्याचा थेंब लावून बसवा. टेफ्लॉन टेप लावू नका. सील ओ-रिंगनं होतं, आट्यांनी नाही. मॅन्युअलमधल्या टॉर्कनं आवळा. हा लहान जोड आहे आणि ताकदीनं आवळल्यास ओ-रिंग कापली जाते.

सिस्टिम उघडली असेल तर किमान अर्धा तास व्हॅक्यूम घ्या, मग तो टिकतो का ते बघा, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या ग्रॅमप्रमाणे वजनावर गॅस भरा.

टप्पा ९: काम झालं हे कशावरून?

कोड पुसा. इंजिन गार असताना बंद गाडीचा दाब गेजवर आणि स्कॅनरवर पुन्हा जुळवून बघा. एसी फुल लावून दहा-पंधरा मिनिटं चालवा. कॉम्प्रेसर लागताना हाय साइड चढते, फॅन वेग घेतो, मग दाब उतरतो. ग्राफवर ही चढउतार गुळगुळीत दिसली पाहिजे, मध्ये उभी रेघ नको. जोडाला लीक डिटेक्टर किंवा साबणाचं पाणी लावा.

कोड गेला आणि दाबही जुळतो, पण कॉम्प्रेसर तरीही लागत नसेल, तर प्रेशर सेन्सरचं सर्किट सोडा. कूलिंग कॉइलचा तापमान सेन्सर, क्लचचा रिले आणि त्याचा कोड पी०६४५, इंजिनचं जास्त तापमान, हे सगळे कॉम्प्रेसर थांबवू शकतात.

शेवटी जॉब कार्डावर नुसतं 'सेन्सर बदलला' असं लिहू नका. हवेचं तापमान, गेजचा दाब, स्कॅनरचा दाब, ५ व्होल्टचं लोडवरचं रीडिंग आणि अर्थाचे ओहम हे पाच आकडे लिहा. हीच गाडी सहा महिन्यांनी परत आली तर पुढच्या माणसाला पहिल्या टप्प्यापासून चाचपडावं लागणार नाही.